चकवा लागला तर

डोंगरात नव्याने जाऊ लागलेला माणूस एक प्रश्न हमखास विचारतो, तोही जरा आवाज खाली घेऊन : "चकवा खरंच लागतो का हो?"

कोकणात, मावळात घरोघरी चकव्याची एखादी गोष्ट असते. कुणाचे तरी आजोबा बाजार उरकून रात्री रानातून घरी निघाले होते. वाट रोजच्या पायाखालची. तरी रात्रभर चालले आणि पहाटे पाहतात तो त्याच आंब्याखाली उभे! गोष्ट सांगणारा खोटं बोलत नसतो. आजोबा त्या आंब्याखाली खरोखरच परत आले असणार. कुणी आणलं त्यांना तिथे, एवढाच प्रश्न आहे.

जर्मनीतल्या ट्युबिंगेन शहरात माक्स प्लांक संस्थेतले यान सौमान आणि त्यांचे सहकारी यांनी हे तपासून पाहिलं. त्यांचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. काही माणसांना त्यांनी मोठ्या सपाट जंगलात नेलं, काहींना सहारा वाळवंटात नेलं, आणि "सरळ चालत राहा" एवढंच सांगितलं. कोण कुठून गेलं याची नोंद जीपीएस ठेवत होतं. सूर्य दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ चालली. ढगाळ दिवशी जंगलात चालणारे मात्र वळत वळत आपल्याच जुन्या वाटेवर येऊन पोचले, आणि आपण वळलो हे त्यांना कळलंसुद्धा नाही. डोळे बांधून मोकळ्या मैदानात चालवलं, तेव्हा काही जण जेमतेम २० मीटर व्यासाच्या गोलात फिरले.

असं का होतं ते शेतकऱ्याला सहज समजेल. औत धरून पहिलं तास काढताना तो समोरच्या बांधावरचं एखादं झाड नजरेत धरतो आणि तिकडे पाहत चालतो. नजर पायाशी आली की तास वाकडं जातं. आपला मेंदू दर पावलाला 'सरळ' कुठे याचा अंदाज बांधतो आणि त्यात केसभर चूक होते. लांबची खूण दिसत असली की ती चूक लगेच दुरुस्त होते. अंधारात, धुक्यात, दाट कारवीत खूण दिसत नाही. मग केसभर चुका एकीवर एक साचत जातात आणि माणूस गोल फिरतो.

म्हणजे चकवा लागतो, आणि तो कुणालाही लागतो. त्यावर चालत राहणं हा उपाय नाही. जितकं चालाल तितका तो घट्ट होतो. रानात निभावून नेण्याचा सगळा अभ्यास इथून सुरू होतो : थांबता यायला हवं.

१. आधी बसा

वाट चुकली असं वाटलं की चार गोष्टी याच क्रमाने करा : बसा, पाणी प्या, पाहा, ठरवा.

बसायचं म्हणजे खरोखर बूड टेकून बसायचं. उभा माणूस "थोडं पुढे जाऊन बघतो" म्हणतो आणि निघतो. घाबरल्यावर छाती धडधडते, पाय आपोआप भरभर पडतात, आणि याच घाईत पाय मुरगळतो किंवा घसाऱ्यावरून घसरतो. दहा मिनिटं बसलं की श्वास जागेवर येतो. मग आठवायला लागतं : शेवटची ओळखीची खूण कोणती होती? दगडांची रास, पाण्याचं टाकं, शेंदूर लावलेला देव? तिथून इथवर किती वेळ चाललो?

मी एकदा डिसेंबरमध्ये, दुपारी साडेचारच्या सुमारास, एका किल्ल्यावरून उतरताना वाट चुकलो होतो. पायाखाली वाट स्वच्छ दिसत होती, म्हणून अर्धा तास बिनघोर चालत राहिलो. मग कारवीच्या काठ्या तोंडावर आपटायला लागल्या. पायाजवळ वाट रुंद, मळलेली, आणि छातीच्या वर मात्र झाडी मिटलेली. बसलो तेव्हा उलगडा झाला. ती ढोरवाट होती. गुरं जातात त्या वाटेवर झाडी गुरांच्या उंचीपर्यंतच मोकळी होते. माणसांच्या वाटेवर ती डोक्याच्या वरपर्यंत मोकळी असते, दगडाच्या कडा चपलांनी गुळगुळीत झालेल्या असतात आणि दुर्दैवाने एखादा गुटख्याचा कागदही सापडतो. ढोरवाट चाऱ्याकडे किंवा पाण्याकडे जाते आणि तिथेच विरते. ती गावातच उतरेल असा भरवसा नसतो.

शेवटची खात्रीची खूण पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर असेल आणि उजेड पुरेसा असेल, तर आल्या पावली परत जा. तसं नसेल तर आहात तिथेच सुरक्षित जागा पाहून थांबा. शोधायला येणाऱ्यांना एका जागी बसलेला माणूस सापडतो. चालत्या माणसाच्या मागे त्यांना रात्रभर फिरावं लागतं.

२. पुस्तकातला नियम आणि आपला डोंगर

हा विषय शिकायचा म्हणून आपण परदेशी पुस्तकं वाचतो, चित्रफिती पाहतो. त्यात चुकीचं काही नाही. पण ते नियम ज्या भूमीवर तयार झाले ती भूमी वेगळी आहे. मला या प्रकरणात सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते हेच : नियम पाठ करण्याआधी तो आपल्या डोंगराला लागू पडतो का, ते बघा.

पहिला नियम : "वाट चुकली तर ओढा धरून खाली जा, गाव लागेल." सह्याद्रीत हा नियम जीव घेऊ शकतो. आपला डोंगर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा आहे. एकावर एक भाकऱ्या रचाव्यात तसे हे थर. या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, आणि त्यातला 'ट्रॅप' हा शब्द जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. कठीण थराचा कडा होतो, मऊ थर झिजून उतार होतो, त्यालाच आपण पदर म्हणतो. कडा, पदर, पुन्हा कडा, असा हा जिना. ओढा या जिन्यावरून उड्या मारत जातो. पावसाळ्यात ज्याला आपण धबधबा म्हणतो तोच मार्चमध्ये कोरडा, सोपा वाटणारा ओढा असतो. नवखा माणूस त्यात उतरतो, एक-दोन टप्पे घसरत पार करतो आणि मग शंभर फुटांच्या कड्याच्या तोंडाशी येतो. खाली जाता येत नाही आणि घसरून आलेला टप्पा परत चढता येत नाही. शोधपथकांना माणसं अशाच जागी अडकलेली सापडतात. जुन्या घाटवाटांतल्या काही नाळेतून जातात हे खरं, पण ती कोणती नाळ हे गावकऱ्याला ठाऊक असतं, आपल्याला नसतं.

दुसरा नियम : "हात ताठ पुढे करा, सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये चार बोटं आडवी मावली तर सूर्यास्ताला एक तास आहे." चला, हिशोब करून पाहू. ताठ हातावरची चार बोटं आकाशात साधारण ७ ते ८ अंश जागा व्यापतात. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. युरोपात तो उतरणीवरून घरंगळावा तसा तिरका मावळतो, म्हणून तेवढी उंची उतरायला त्याला तासाच्या जवळपास वेळ लागतो. आपल्याकडे तो विहिरीत घागर सोडावी तसा जवळजवळ सरळ खाली जातो. म्हणून आपली चार बोटं म्हणजे साधारण अर्धा तास. वर संधिप्रकाशही आपल्याकडे लवकर विरतो. सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत पायाखालचा दगड दिसेनासा होतो, आणि दरीत तर सूर्य धारेआड गेला की आधीच काळोख दाटतो. परदेशी नियमावर विसंबलेला माणूस अर्धा तास फसतो.

दिशांचंही तसंच. ध्रुवतारा जिथून पाहाल तिथल्या अक्षांशाइतका वर दिसतो. पुण्याचा अक्षांश साधारण साडेअठरा, म्हणजे ताठ हातावर दोन मुठी एकमेकींवर ठेवल्या तर त्यांच्याही किंचित खाली. उत्तरेला एखादी टेकडी असली की तो झाकला जातो. त्यापेक्षा हिवाळ्यात मृग नक्षत्राच्या पोटातले ओळीने असलेले तीन तारे ओळखायला शिका. ते कुठूनही पाहिले तरी जवळपास नेमके पूर्वेला उगवतात आणि पश्चिमेला मावळतात. "दुपारी बाराची सावली उत्तरेला पडते" हेही आपल्याकडे वर्षभर खरं नसतं. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मुंबई-पुण्यावर माध्यान्हीचा सूर्य थोडा उत्तरेकडे असतो, म्हणून सावली दक्षिणेला पडते. काठीचा जुना प्रयोग मात्र बारमाही चालतो : उभ्या काठीच्या सावलीच्या टोकाशी खडा ठेवा, वीस मिनिटांनी नव्या टोकाशी दुसरा खडा ठेवा. पहिला खडा पश्चिमेकडचा, दुसरा पूर्वेकडचा.

शेवाळं उत्तरेकडच्या बाजूला असतं, हे तर विसरूनच जा. आपल्या पावसात शेवाळं सगळीकडेच चढतं.

३. तीनाचा पाढा

निभावून नेण्याच्या विद्येत एक पाढा सगळीकडे शिकवतात : माणूस हवेशिवाय ३ मिनिटं, भयंकर हवामानात आडोशाशिवाय ३ तास, पाण्याशिवाय ३ दिवस आणि अन्नाशिवाय ३ आठवडे काढू शकतो. आकडे ढोबळ आहेत, पण काळजी कोणत्या क्रमाने करायची ते त्यातून नीट कळतं.

शेवटून सुरुवात करू. नवखा माणूस अडकला की त्याला पहिली चिंता खाण्याची पडते. एक-दोन रात्री उपाशी राहून धडधाकट माणसाला काही होत नाही. आपल्या घरात एकादशी-चतुर्थी करणारं कुणी ना कुणी असतंच. अनोळखी फळ, कंद, अळंबी तोंडात घालणं मात्र घातक. कच्च्या रानसुरणाने घसा सुजतो. विषारी अळंबी ओळखायची घरगुती कसोटी म्हणून चांदीचं नाणं काळं पडतं असं सांगतात, ती साफ खोटी आहे.

पाण्याचे तीन दिवस सावलीत पडून राहणाऱ्याचे. एप्रिल-मेच्या उन्हात चढ चढणाऱ्याचा घामावाटे तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. तेव्हा घरून निघतानाच हिशोब करा. पाच तासांची चाल, तासाला किमान अर्धा लिटर, म्हणजे अडीच लिटर. वर एक लिटर राखीव. साडेतीन लिटर पाणी साडेतीन किलो भरतं. पाठीला ते जाणवतं, तरी त्यात काटछाट करू नका. पाणी कमी उरलं तर सावली धरा आणि चालणं थांबवा, म्हणजे घाम वाचेल. तहान लागली असताना बाटली जपून ठेवण्यात शहाणपण नाही. गडावरच्या टाक्यातलं पाणी फडक्याने गाळलं की निवळ दिसतं, पण त्यातले जंतू जसेच्या तसे राहतात. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. खळखळून एक मिनिट उकळलं की पाणी पिण्याजोगं होतं, नाहीतर क्लोरीनच्या गोळ्या सोबत ठेवा. घामासोबत मीठही जातं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण पाठ करा. सोबतचा माणूस उन्हात असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर तो उष्माघात समजा. लगेच सावलीत न्या, अंग भिजवा, वारा घाला आणि मदत मागवा.

राहिला आडोसा. महाराष्ट्रात कसली आलीय थंडी, असं वाटतं ना? पावसाळ्यात धारेवर भणाणता वारा असतो आणि अंगातले कपडे चिंब असतात. जुलैमध्ये दोरीवरची जीन्स दोन-दोन दिवस वाळत नाही. तीच जीन्स अंगावर असेल तर ती वाळवायला तुमच्या शरीराची ऊब खर्ची पडत राहते. आधी हुडहुडी भरते, मग बोटं ऐकत नाहीत, बॅगेची चेन उघडता येत नाही, बोलणं जड होतं. तोवर थांबू नका. वाऱ्याआड जा, कोरडे कपडे घाला, अंगावर प्लॅस्टिकची मोठी पिशवी चढवा. धनगर भर पावसात घोंगडी का पांघरतो, तर लोकर भिजली तरी बरीचशी ऊब धरून ठेवते. सुती कापड भिजलं की ती ऊब जाते. रात्री बसायची वेळ आली तर अंगाखाली सॅक, दोर, पालापाचोळा, काहीतरी घ्या. उघडा कातळ रात्रभर अंगातली ऊब ओढत राहतो. पाचोळा गोळा करण्याआधी काठीने चाळवून पाहा.

आणि विस्तव? शेकोटीशिवाय जंगल ही कल्पनाच आपल्याला करवत नाही. पण दिवाळीनंतर सह्याद्रीतलं गवत वाळून कोळ झालेलं असतं. एका ठिणगीने वणवा लागतो आणि अख्खी डोंगरधार काळी होते. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे. पावसाळ्यात लाकूड ओलं, तेव्हा पेटवायचं म्हटलं तरी पेटत नाही. म्हणून विस्तव पेटवायला शिका, पण रानात नको. गावाकडे चुलीपाशी बसून शिका. चूल पेटवणारी बाई आधी चिपाडं आणि बोटाएवढ्या काटक्या ठेवते, त्यांनी जीव धरला की अंगठ्याएवढ्या, आणि मोठं लाकूड सगळ्यात शेवटी. मध्ये हवेला जागा सोडते. अग्नीचं सगळं शास्त्र त्यात आलं.

४. परतायची वेळ

स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक सोपं गणित मांडलं, ते आजही चालतं : दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास.

समजा, एका बाजूने ६ किलोमीटर आणि ६०० मीटर चढ आहे. चालण्याचे १ तास १२ मिनिटं, चढाचा १ तास, एकूण २ तास १२ मिनिटं. आपलं ऊन, पाठीवरचं पाणी आणि नवखे पाय धरून त्यात दीडपट करा. साडेतीन तास धरू. घसाऱ्यावरून उतरणं वाटतं तितकं झटपट होत नाही, म्हणून उतरायला अडीच तास. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास. एक तास हाताशी ठेवला तर पाचला पायथ्याशी हवं. म्हणजे अडीच वाजता, तुम्ही माथ्यावर असा वा नसा, पाठ फिरवायची. माथ्यावर अर्धा तास बसायचं असेल तर पायथा सोडायचा साडेदहाच्या आत. नऊला निघालात तर उत्तम. ही 'अडीच'ची वेळ पायथ्याशीच सगळ्यांना मोठ्याने सांगा. वर गेल्यावर "आता एवढ्याजवळ आलोय" म्हणणारा प्रत्येक गटात एक तरी निघतो.

५. हाक

ओरडून घसा दहा मिनिटांत बसतो. शिटी तासन्‌तास वाजवता येते. पर्वतांत मान्य असलेली खूण अशी : एका मिनिटात सहा शिट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. रात्री हेच बॅटरीच्या उजेडाने. उत्तरादाखल मिनिटाला तीन खुणा येतात. मधली शांतता महत्त्वाची आहे, कारण उत्तर तेव्हाच ऐकू येतं.

मोबाइल रेंज शोधत बसला की बॅटरी संपवतो. तो फ्लाइट मोडवर ठेवा, ठरावीक वेळानेच उघडा. कॉल लागत नाही तिथेही कधी कधी मेसेज जातो. ११२ हा क्रमांक तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी जवळच्या दुसऱ्या नेटवर्कवरून लागू शकतो.

६. चावणारे, डसणारे

नाग, मण्यार, घोणस, फुरसं : बहुतेक गंभीर दंश या चौघांचे. चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, तोंडाने विष ओढू नका. दंश झालेला हात वा पाय हलू देऊ नका, माणसाला धीर द्या, शक्यतो उचलून न्या आणि प्रतिसर्पविष असलेलं रुग्णालय गाठा. १०८ ला फोन करा.

लाल विंचवाच्या दंशाने कोकणात पूर्वी माणसं, विशेषतः लहान मुलं, दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात रक्तदाबासाठीच्या प्राझोसिन या औषधाने हे मृत्यू रोखता येतात हे दाखवलं. खेड्यातल्या दवाखान्यात झालेलं हे संशोधन जगभर गेलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यातून आपण घ्यायचं ते एवढंच : विंचू उतरवणाऱ्याकडे न थांबता दवाखान्यात जा.

कड्यांवरची आग्या मोहळं हा गडांवरचा फार मोठा धोका आहे. अत्तर, धूर आणि आरडाओरडा यांनी माश्या उठतात. उठल्या तर तोंड झाकून पळा.

७. कुठे आणि कुणाकडून शिकायचं

पहिले धडे घरीच. एक रात्र गच्चीवर नुसत्या प्लॅस्टिकच्या चादरीखाली काढून पाहा. दिवा न लावता सॅकमधली बॅटरी, शिटी, दोरी हाताने काढता येते का पाहा. दोन गाठी पक्क्या करा. मग ओळखीच्या टेकडीवर एक दुपार फक्त वाटा वाचायला जा.

त्यानंतर स्थानिक माणसाबरोबर चाला. महादेव कोळी, ठाकर, कातकरी, धनगर यांच्यातल्या जाणत्या माणसाबरोबर एक दिवस काढलात तर दहा पुस्तकांतून मिळणार नाही तेवढं मिळेल. वाटाड्याला त्याच्या दिवसाचे योग्य पैसे द्या, घासाघीस करू नका. ती त्याची विद्या आहे. पुढे जायचं असेल तर उत्तरकाशीची १९६५ मध्ये सुरू झालेली नेहरू गिर्यारोहण संस्था चार आठवड्यांच्या आसपासचे पायाभूत वर्ग घेते. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे कार्यकर्ते रात्री-अपरात्री दोर खांद्यावर घेऊन अडकलेल्यांना काढायला जातात. त्यांच्या कामात हात लावायला मिळाला तर जरूर जा.

आणि पुढच्या वेळी निघण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहून घरी ठेवा : कोणता डोंगर, कोणती वाट, किती जण, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा. ही चिठ्ठी नसेल तर शोधणाऱ्यांना कोणत्या डोंगरापासून सुरुवात करायची हेच कळत नाही. त्या चिठ्ठीवर रात्री आठ लिहिलं असेल, तर खाली उतरल्यावर चहाच्या टपरीवर टेकण्याआधी घरी फोन करा.